देवीच्या हातातलं महाळुंग

बाईच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं हळूच खाली ओढायची आणि आतला रंग बघायचा. लाल असला तर बरं. पांढुरका असला तर नखं बघायची, जीभ बघायची, मग बोटाला सुई. भोगावतीकाठच्या गावांत पस्तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून मी हेच केलं. आणि दर आश्विनात, घट बसले की, तशाच पांढुरक्या पापणीची पोटुशी बाई मला सांगायची, "बाई, गोळी ऱ्हाऊ दे. नऊ दिवस माझा उपास हाय."

या एका वाक्यापुढं मी कितीतरी वर्षं गप्प झाले. लोह, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड यांचं मला प्रशिक्षण मिळालं होतं, देवाचं मिळालं नव्हतं. "डॉक्टर सांगतात" असं मी म्हणायची, समोरून "देवीचं हाय" असं यायचं आणि तिथंच बोलणं संपायचं. निवृत्त झाल्यावर आता वाटतं, मी चुकीच्या दारानं आत जात होते. प्रश्न धर्माचा होता, त्याचं उत्तरही धर्माच्या अंगणात उभं राहून द्यायला हवं होतं. पोटुशी बाईची भूक देवीला हवी असते का? एवढाच तो प्रश्न.

तो मला परका नाही. 1987 साली पहिल्या खेपेला मला सातवा महिना होता आणि नवरात्र आलं. सासरी नऊ दिवसांचे कडक उपवास. मी शिकलेली, नोकरी करणारी, तरी तोंड उघडलं नाही. नव्या सुनेनं देवीच्या कामात खोडा घालायचा, ही भीती माझ्या शिक्षणाहून मोठी होती. दिवसभर पाणी आणि दोन-तीन कप चहा, रात्री वाटीभर साबुदाण्याची खिचडी. ललिता पंचमीला, अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या भेटीला जाते त्या दिवशी, सासूबाईंबरोबर ओटी घेऊन निघाले आणि भवानी मंडपाशी डोळ्यांपुढं अंधारी आली. मी खालीच बसले. तिथं फुलं विकायला बसलेल्या एका म्हातारीनं मला पाणी पाजलं आणि आपल्या फडक्यातली चतकोर भाकरी माझ्या हातावर ठेवली. "खा गं पोरी. आई बघतीया, ती काय म्हणत न्हाई." मी ती भाकरी खाल्ली नाही. पदराला बांधून घरी आणली आणि गाईला घातली.

महिन्याभरानं, दिवस भरायच्या आधीच मी बाळंत झाले. रक्तस्राव थांबेना. माझं हिमोग्लोबिन सातच्या आसपास होतं. दोन बाटल्या रक्त चढवलं तेव्हा वाचले. मुलगी एक किलो नऊशे ग्रॅमची. ती जगली, आज ती स्वतः दोन मुलांची आई आहे. हे सगळं त्या नऊ दिवसांनी घडवलं असं मी म्हणणार नाही. नऊ दिवसांत कुणाचं रक्त आटत नाही. माझं ते आधीच्या कित्येक वर्षांत आटलं होतं, सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते खाण्यात, पाळीच्या रक्तात, जेवणावर लगेच प्यायलेल्या चहात. उपवासानं त्या रिकामेपणाला फक्त देवाचं नाव दिलं. आणि देवाचं नाव लागलं की त्या रिकामेपणाकडं कुणी बघेनासं होतं.

त्या रिकामेपणाचा हिशेब अगदी लहान आकड्यांचा आहे. एका गरोदरपणात बाईच्या शरीराला सगळं मिळून साधारण एक ग्रॅम लोह जादा लागतं. बाळाचं रक्त, वार, तिचं स्वतःचं वाढणारं रक्त आणि बाळंतपणात जाणारं रक्त एवढ्या सगळ्याला मिळून हा एक ग्रॅम, म्हणजे बारक्या खिळ्याएवढं लोखंड. त्यासाठी सरकारी दवाखान्यातून लाल गोळी मिळते. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्तक्षय, 7 च्या खाली गेलं की जिवाशी गाठ. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या देण्याची राष्ट्रीय योजना 1970 सालची आहे. अर्धं शतक उलटल्यावर, 2019 ते 2021 मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. गोळी घरापर्यंत पोचली आणि डब्यात पडून राहिली. कुणी म्हणे तिनं बाळ काळं होतं, कुणी म्हणे बाळ मोठं होऊन अडतं. म्हणून बाई गोळीही टाळायची आणि घासही कमी करायची.

आमचा मुलूख उसाचा. उसाची कोवळी पानं पिवळी-पांढरी पडायला लागली की शेतकरी म्हणतो, केवडा पडला. जमिनीत लोह कमी पडलं किंवा पिकाला ते उचलता येईना, की असं होतं, हे आता आमच्याकडं शाळकरी पोरालाही माहीत आहे. मालक माती पिशवीत भरून तपासायला नेतो, हिराकस आणतो, शेणखतात मिसळून टाकतो, फवारतो. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. आमच्या लाल गोळीतलं लोहही याच क्षाराचं असतं, औषधासाठी शुद्ध केलेलं. एकदा एका घरी गेले तर सोप्यात हिराकशीची पिशवी होती आणि आत चुलीपुढं सातव्या महिन्यातली सून बसली होती, उसाच्या त्या पानासारखीच पिवळी. मी तिच्या सासऱ्यांना म्हणाले, "मामा, हिला केवडा पडलाय." त्यांनी सुनेकडं पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः तिला घेऊन दवाखान्यात आले. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं. पिकाचं दुखणं त्यांना वाचता येत होतं, बाईचं वाचायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

न वाचता येण्याचं हे दुखणं जुनं आहे. माझे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. रघुवंशाचा तिसरा सर्ग त्यांचा आवडता. त्यात राणी सुदक्षिणेला दिवस गेलेत. कालिदास सांगतो, तिचं तोंड लोध्राच्या फुलासारखं फिकट झालं होतं, आणि तिला माती खावीशी वाटायची. तिच्या मुखाला येणारा मातीचा वास राजा दिलीप एकांतात पुन्हा पुन्हा घ्यायचा. कवी कारणही देतो, की पुढं सगळी पृथ्वी भोगणारा मुलगा पोटात आहे, म्हणून आईला आधीच मातीची ओढ लागली. लहानपणी मला ते फार सुंदर वाटायचं. नोकरीत आल्यावर मी तीच सुदक्षिणा घरोघरी पाहिली. भिंतीचा पोपडा खाणारी, चुलीतली राख चाटणारी, कच्चे तांदूळ मुठीनं खाणारी, मुलाच्या दप्तरातली पाटीवरची पेन्सिल चघळणारी. फिकट तोंड आणि मातीची ओढ ही दोन्ही लोह कमी असल्याची खूण असू शकते. घरचे हसून म्हणायचे, डोहाळे लागलेत. कालिदासाला मी दोष देत नाही. त्यानं जे पाहिलं ते इतकं खरं पाहिलं की दीड हजार वर्षांनीही एका आरोग्यसेविकेला त्यातली लक्षणं ओळखता आली. मात्र आपण त्या फिकटपणाचं काव्यच करत राहिलो, तिला कुणी विचारलं नाही की बाई, तुला काय कमी पडतंय?

आयुर्वेदानं ते विचारलं होतं. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातल्या गर्भिणीला दोन हृदयांची म्हटलं आहे. एक तिचं, एक बाळाचं. म्हणून तिची इच्छा पुरवावी, नाहीतर गर्भाला इजा होते, असा तिथला विचार. डोहाळजेवणाचं मूळ मला यात दिसतं. म्हणजे गर्भिणीची भूक भागवणं हेच आपल्याकडं धर्मकार्य मानलं होतं. मग ती भूक मारणं पुण्याचं कधी झालं?

आण्णा थकल्यावर मी त्यांना हाच प्रश्न विचारला. त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली तैत्तिरीय उपनिषदातली. भृगू बापाकडं ब्रह्म विचारायला जातो, तप करतो, आणि पहिल्यांदा त्याला कळतं ते हे, की अन्न हेच ब्रह्म. पुढं तो प्राण, मन, विज्ञान, आनंद असा चढत जातो, पण पहिली पायरी अन्नाची. ती गाळून आनंदापर्यंत कुणी पोचत नाही. दुसरी गीतेच्या सतराव्या अध्यायातली. शास्त्रानं न सांगितलेलं घोर तप करून जे शरीरातल्या भूतांना आणि त्या शरीरात राहणाऱ्या परमेश्वरालाही कष्टवतात, त्यांचा निश्चय गीता आसुरी ठरवते. मी अवाक झाले. ज्या उपवासाला आम्ही देवाचा म्हणत होतो, तो देवालाच उपाशी ठेवणारा ठरत होता. तिसरी गोष्ट व्रतांच्या नियमांची. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात व्रतांचा सगळा पसारा मांडला आहे. तिथं गर्भिणीला आणि बाळंतिणीला पूर्ण उपवासाऐवजी सवलत आहे. ज्याला व्रत झेपत नाही त्याच्या वतीनं दुसऱ्यानं ते करावं, नवऱ्यानं बायकोसाठी, मुलानं आईसाठी, अशी प्रतिनिधीची सोयही आहे. माझ्या भागातल्या मुसलमान बायकांकडंही मी हेच पाहिलं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजे पुढं ढकलण्याची मुभा त्यांच्या धर्मात आहे, आणि तरीही कितीजणी ती घेत नाहीत. धर्म दार उघडं ठेवतो. ते लावून घेतो आपण, चार लोकांच्या नजरेला भिऊन.

एवढं हाती आल्यावर मी गावागावांत बोलायला लागले. तेव्हा एका बाईनं मला अडवलं. तिसऱ्या खेपेची, अंगानं काटकुळी, बोलायला ठाम. म्हणाली, "बाई, तुमचं पटतंय. मी कुठं न्हाई म्हणतो? पर घरातलं सगळं दुसऱ्याचं हाय. रान त्यांचं, म्हस त्यांची, दुधाचा पैसा त्यांचा. उपास तेवढा माझा हाय. त्यो बी काढून घेताय व्हय?"

या प्रश्नावर मी आजही विचार करते. उपवास ही बाईच्या हातातली एकमेव सत्ता असू शकते, हे माझ्या कुठल्याही प्रशिक्षणात नव्हतं. उपवासाच्या दिवशी तिला कुणी ओरडत नाही. तिच्यासाठी वेगळं शिजतं. घर तिच्याकडं जरा आदरानं बघतं. ती जे देवीला वाहते ते तिनं कुणाला न विचारता वाहिलेलं असतं. ही श्रद्धा अडाणी म्हणून झटकणाऱ्यांत मी नाही.

पण मी तिला जे सांगितलं ते आजही माझं मत आहे. वाहायचं ते आपल्याजवळ असलेलं. ज्याच्या घरी धान्याची रास आहे त्यानं एक दिवस ताट दूर सारलं तर तो त्याग. जिच्या अंगात साठाच नाही तिनं घास सोडला तर तो त्याग होत नाही, ते कर्ज होतं. आणि ते फेडायला दोन जीव लागतात. बाळ आधी आईच्या साठ्यातून ओढून घेतं. साठा पार संपला की त्यालाही कमी पडतं. बाळंतपणात रक्त जायला लागलं की धडधाकट बाईला जे सोसतं ते हिला सोसत नाही. देवीला वाहायचा तो जीव शिल्लक तर राहायला हवा.

ती ऐकत होती. मी नेहमीसारखं शेवटी म्हणाले, "बाळासाठी तरी खा." ती पटकन म्हणाली, "आणि माझ्यासाठी?"

तीस वर्षं मी "बाळासाठी खा" हेच सांगत आले होते. भिंतीवरचे फलकही तेच सांगत होते. त्या दिवशी मला कळलं, हेही वाक्य उपवासाच्याच जातीचं आहे. एक बाईला देवासाठी उपाशी ठेवतं, दुसरं तिला बाळासाठी जेवायला घालतं. तिच्या स्वतःच्या भुकेला दोन्हीकडं जागा नाही. म्हणून तर डोहाळजेवणाला तिला पाटावर बसवून पाच पक्वान्नं वाढतात आणि सव्वा महिना संपला की ती पुन्हा शेवटच्या पंगतीला जाते. बाळंतपणानंतरच्या 180 गोळ्या तर क्वचितच कुणी पुऱ्या केल्या. बाळ बाहेर आलं होतं ना.

आमच्या कोल्हापूरला खुराक म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. शाहू महाराजांनी 1912 साली खासबाग मैदान बांधून घेतलं, तालमींना आश्रय दिला. तेव्हापासून पैलवानाचं दूध, तूप, बदाम, थंडाई हा गावाच्या अभिमानाचा विषय. पैलवानाला कुणी हावरा म्हणत नाही. त्याच्या अंगाला लागावं म्हणून अख्खी आळी झटते. मग नऊ महिने आपल्या हाडामांसातून दुसरं शरीर घडवणाऱ्या बाईचा खुराक हा अभिमानाचा विषय का नसावा? म्हशीची धार तीच काढते, दूध किटलीतून डेअरीला जातं, तिच्या वाट्याला चहापुरतं उरतं. घरी मटण शिजलं की फोडी पुरुषांच्या ताटात आणि तिच्या वाट्याला रस्सा. ब12 जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही, ते दुधात, अंड्यात, मांसात असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मायलेकरांचा अभ्यास केला. त्यात जवळजवळ दोन तृतीयांश आयांना ब12 कमी निघालं. जी मांस खात नाही तिच्या धर्माचा मला आदर आहे. तिला दूध-ताक भरपूर मिळावं, लागेल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी मिळावी, एवढंच मागणं.

फॉलिक ॲसिडची गोष्टही आपल्याच राज्यातून सुरू होते. 1928 च्या सुमारास ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायका एका जीवघेण्या रक्तक्षयानं मरत होत्या. त्यांचं खाणं काय, यापासून तिनं शोध सुरू केला आणि यीस्टच्या स्वस्त अर्कानं त्या बऱ्या होतात हे 1931 साली मांडलं. त्यातलं औषधी द्रव्य पुढं 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळं काढलं आणि पानावरूनच त्याचं नाव ठेवलं. शेवगा, चाकवत, तांदळी, अंबाडी असलं काही ना काही आपल्या बांधावर उगवतं. मात्र बाळाचा मज्जारज्जू ज्यातून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते, म्हणजे बहुतेक बायकांना दिवस गेल्याचं कळायच्या आधीच. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी लग्न झालेल्या मुलीला मूल हवं असेल तेव्हापासूनच सुरू व्हायला हवी. ती आई होणार हे कळायच्या आधी, ती आहे म्हणून तिची काळजी घ्यायची, असं शरीरच आपल्याला सांगतं.

निवृत्तीनंतर एका सकाळी मी अंबाबाईच्या समोर उभी होते. गर्दी कमी होती. कितीतरी वर्षं मी तिच्या डोळ्यांकडं बघून हात जोडले होते, त्या दिवशी तिच्या हातांकडं पाहिलं. वरच्या दोन हातांत गदा आणि ढाल. खालच्या उजव्या हातात महाळुंग, बियांनी भरलेलं लिंबाच्या जातीचं फळ. खालच्या डाव्या हातात पानपात्र. लढायची शस्त्रं तिनं वर धरली आहेत. भक्ताच्या जवळ येणाऱ्या दोन हातांत फळ आहे आणि पात्र आहे. करवीरची आई रिकाम्या हातानं उभी नाही, आणि तिच्या लेकीनं रिकाम्या पोटी उभं राहावं असं तिच्या मूर्तीत कुठं दिसत नाही. भवानी मंडपाजवळच्या त्या म्हातारीला हे माझ्या आधी कळलं होतं.

म्हणून या नवरात्रात माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर तिचा उपवास तिच्या नवऱ्यानं धरावा, किंवा सासूनं, दिरानं. शास्त्रात ती सोय आहे. घटाला आपण नऊ दिवस न चुकता पाणी घालतो, कारण माती कोरडी पडली तर धान उगवणार नाही हे आपल्याला ठाऊक आहे. तसंच तिचं ताट आधी वाढावं, देवीचा नैवेद्य दाखवून झाला की लगेच. ताटात भाकरी, डाळ, पालेभाजी, वर लिंबाची फोड असावी. चहा तासाभरानं. लाल गोळी रोज, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, कारण दोन्ही एकदम घेतल्या तर लोह नीट लागत नाही. आणि दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथं तिला घेऊन जावं.

वाढताना मात्र "बाळासाठी खा" म्हणू नका. नुसतं "खा" म्हणा.